भावी राज्यपाल

राज्यपाल व्हायला घटनेनं दोनच पात्रता सांगितल्या आहेत. माणूस भारताचा नागरिक असावा आणि त्यानं वयाची 35 वर्षं पूर्ण केलेली असावीत. कलम 157. आमच्या सरांकडे दोन्ही आहेत. दुसरी तर लागते त्याच्या दुपटीहून जास्त आहे. तरीही आजवर एकाही राष्ट्रपतींचं त्यांच्याकडे लक्ष गेलेलं नाही. सर याबद्दल तक्रार करत नाहीत. नव्या नेमणुका जाहीर झाल्या की ते पेपर दोनदा वाचतात, घडी घालतात, चष्मा डबीत ठेवतात आणि म्हणतात, "या वेळी पोलीस खात्यावर फारच भर दिलाय."

हैदराबादचा तारनाका अशा माणसाला मानवतो. एका अंगाला उस्मानिया विद्यापीठ, दुसऱ्या अंगाला पोषण संस्था, रासायनिक तंत्रज्ञान संस्था, सीसीएमबी, आणि पलीकडे रेल्वेच्या वसाहती. बऱ्याच गल्ल्यांना नाव नाही, नंबर आहे. माणसांना मात्र नावाआधी 'डॉ.' आहे आणि नावानंतर 'निवृत्त' आहे. सर मूळचे परभणीकडचे. उस्मानियात कायदा शिकायला आले, तिथंच शिकवायला लागले, राज्यघटना हा विषय धरला आणि निवृत्त होईपर्यंत सोडला नाही. पुढे विषयानं त्यांना सोडलं नाही. नाक्यावरचे ऑटोवाले त्यांना 'गव्हर्नर साब' म्हणतात. चेष्टेनं की आदरानं, याची चौकशी सरांनी कधी केलेली नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "कलम 18 ची बंदी राज्यसंस्थेनं किताब देण्यावर आहे. ऑटोवाल्यानं देण्यावर नाही."

ही जात काही एकट्या तारनाक्याची नव्हे. पुण्यात भावी कुलगुरू असतात, नागपुरात भावी न्यायमूर्ती, आणि दिल्लीत तर म्हणे भावी राजदूतांना बागेत बाक पुरत नाहीत. पण भावी राज्यपाल हा त्यांतला सर्वांत सोशिक प्रकार, कारण या पदाला ना अर्ज, ना मुलाखत, ना वयोमर्यादेची वरची कड. आशा सोडायला कायदेशीर आधारच नाही.

सरांनी आपल्या बाजूनं तयारी पूर्ण ठेवली आहे. राज्यपाल बाहेरच्या राज्यातला असावा, कुठल्या तरी क्षेत्रात नामवंत असावा आणि स्थानिक राजकारणात फार गुंतलेला नसावा, असं सरकारिया आयोगानं सांगून ठेवलंय. म्हणजे तेलंगण बाद, कारण घर इथं. महाराष्ट्र बाद, कारण परभणीला शेत आहे आणि शेताच्या बांधावरून भावकीशी दावाही आहे. कर्नाटकात मुलगा नोकरीला. गोव्याला काही हरकत नव्हती, पण मेजवान्यांत मासे असणार आणि सर पक्के शाकाहारी. पुदुच्चेरीला 'नायब' लागतं, ते त्यांना खपत नाही. राहता राहिला ईशान्य भारत. तिथली थंडी गुडघ्यांना सोसेल का, हा प्रश्न त्यांनी डॉक्टरांनाही विचारून ठेवलाय. डॉक्टर म्हणाले, "किती दिवस राहणार?" सर म्हणाले, "राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत." डॉक्टरांनी कॅल्शियम लिहून दिलं. त्यांना कलम 156 कुठून ठाऊक असणार?

पगाराचीही अट नाही. मूळ घटनेत राज्यपालाला महिना 5,500 रुपये होते. सर तेवढ्यावरही जायला तयार आहेत. अपार्टमेंटच्या खजिनदाराला पार्किंग फुकट मिळतं, म्हणून ते पद मात्र त्यांनी कधी घेतलं नाही. न जाणो, कोणी लाभाचं पद म्हणून बोट दाखवायचं.

सगळ्यांत कठीण तयारी मतांची. ज्याला उद्या निःपक्षपाती व्हायचंय त्यानं आज मत देऊन कसं चालेल? त्यामुळे गेली कित्येक वर्षं सरांनी कशाबद्दलही काही मत व्यक्त केलेलं नाही. बिर्याणीत बटाटा असावा का, या प्रश्नावरही ते "दोन्ही परंपरांचा आदर राखून" बोलतात. 2009 च्या डिसेंबरात उस्मानियाची मुलं वेगळ्या तेलंगणासाठी रस्त्यावर होती. विद्यापीठाच्या फाटकाशी अश्रुधूर फुटायचा आणि वारा पडला की तो धूर आमच्या गल्लीत येऊन बसायचा. घरोघर दारं लावून लोक दोनच गोष्टी बोलायचे: व्हायला पाहिजे, किंवा होता कामा नये. सर ओला रुमाल डोळ्यांना लावून गच्चीच्या जिन्यात बसले होते. "सर, तुमचं काय म्हणणं?" रुमालाआडून उत्तर आलं, "सर्व संबंधितांच्या भावनांचा विचार व्हावा." खोकला आवरल्यावर त्यांनी जोडलं, "आणि कलम 3 प्रमाणे राज्याच्या विधिमंडळाचं मत मागवावं लागतं. ते बंधनकारक नसतं."

ते बंधनकारक नसतं. सरांच्या सगळ्या ज्ञानाचा सूर असाच. वर्गात ते वर्षानुवर्षं सांगत आले की राष्ट्रपती आणि राज्यपाल नामधारी असतात. कलम 74 आणि 163 वाचा. मंत्रिमंडळ सल्ला देतं, प्रमुख सही करतो. फार तर विचारलं जाण्याचा, उत्तेजन देण्याचा आणि इशारा देण्याचा हक्क, जो बॅजट नावाच्या इंग्रजानं 1867 मध्ये आपल्या राणीच्या वाट्याला ठेवला होता. हे मुलांना इतकं पटायचं की त्यातला एकही पुढे राज्यपाल होऊ म्हणाला नाही. मात्र या पदात काही नाही हे ज्याला सर्वांत जास्त ठाऊक, त्यालाच ते हवंय. मला वाटतं, म्हणूनच हवंय. बरोबर असणं एवढंच काम असलेली दुसरी नोकरी या देशात नाही.

त्यांच्या देवघरात, म्हणजे पुस्तकांच्या कपाटात, तीन दैवतं आहेत.

पहिले हिदायतुल्ला. त्यांची कथा सर सुरू करतात ती खास हैदराबादी थाटात, "परसों हिदायतुल्ला साबने..." इथल्या परसोंला काळाचं बंधन नसतं, हे परसों 1969 चं. मे महिन्यात राष्ट्रपती झाकिर हुसेन गेले ("जन्मानं आपल्या हैदराबादचे!"). उपराष्ट्रपती गिरी त्यांच्या जागी आले आणि स्वतः निवडणुकीला उभं राहायचं म्हणून 20 जुलैला पायउतार झाले. जाण्याच्या आदल्या दिवशी बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या वटहुकमावर सही करून गेले. मग राष्ट्रपती भवनात कोण? संसदेनं मे महिन्यातच कायदा करून ठेवला होता: सरन्यायाधीश. आणि सरन्यायाधीश होते नागपूरचे वकील, तिथल्या लॉ कॉलेजात 1935 ते 1943 शिकवलेले. "निक्सन दिल्लीला आला, तेव्हा यजमान कोण? कायद्याचा मास्तर!" इथं सरांचा आवाज चढतो. ऑगस्टमध्ये बँकांचं विधेयक आलं, हिदायतुल्लांनी त्यावर सही केली, आणि नवे राष्ट्रपती येताच ते न्यायालयात परतले. पुढच्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा रद्द ठरवला. त्या 11 न्यायाधीशांत सरन्यायाधीश स्वतः नव्हते. सही त्यांचीच होती ना! "35 दिवस," सर बोट उंचावून म्हणतात. "फक्त 35 दिवस. पण प्रत्येक दिवस नियमानुसार." मागून बाई, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणतात, "तुम्हाला पस्तीस मिनिटं दिली तर तेवढ्यात शपथेचा कोट सापडायचा नाही."

दुसरे बुर्गुल रामकृष्णराव, हैदराबादचे मुख्यमंत्री. फर्ग्युसनमध्ये शिकलेले, मराठी जाणणारे, पेशानं वकील. ते 1956 मध्ये केरळचे राज्यपाल झाले आणि 1959 मध्ये नंबुद्रिपादांचं सरकार त्यांच्याच अहवालानंतर गेलं. इथं सर घाईनं पान उलटतात. दैवत असलं तरी काही लीला भक्तांनी डोळे मिटून ऐकायच्या असतात.

तिसरे आणि खरे, शंकरदयाळ शर्मा. भोपाळचे, केंब्रिजचे कायद्यातले डॉक्टर, प्रबंधाचा विषयच संघराज्याच्या घटना. त्यांच्याबाबत सर प्रत्यक्षदर्शी असल्यासारखे बोलतात आणि तेवढ्यापुरते ते खरंच आहेत. 1984 चा ऑगस्ट. आंध्रचे मुख्यमंत्री रामाराव हृदयाची शस्त्रक्रिया करून अमेरिकेहून परतले आणि राज्यपाल रामलाल यांनी त्यांचं सरकार बडतर्फ करून भास्कररावांना शपथ दिली, बहुमत दाखवायला महिनाभराची मुदतही दिली. रामाराव आमदारांना घेऊन दिल्लीला जाऊन आले, आमदार पुढे कर्नाटकात जपून ठेवले गेले, आणि इकडे इराण्याच्या हॉटेलात प्रत्येक टेबलावर एक राज्यपाल बसलेला. सर तेव्हा रीडर होते. चहाच्या दोन कपांच्या मध्ये उस्मानिया बिस्किटं मांडून त्यांनी समजावलं की बहुमत राजभवनाच्या दिवाणखान्यात मोजायचं नसतं, सभागृहात मोजायचं असतं. बिस्किटं खाल्ली गेल्यामुळे दुसऱ्यांदा मोजणी झाली नाही. पण दहा वर्षांनी, मार्च 1994 मध्ये, बोम्मई खटल्यात नऊ न्यायाधीशांनी तेच सांगितलं. सरांनी ते निकालपत्र हॉटेलवाल्याला नेऊन दाखवलं. तो म्हणाला, "हौ साब, मैं तो तबीच बोला था."

तर त्या गदारोळात रामलाल गेले आणि ऑगस्टअखेर शर्मा सोमाजीगुड्याच्या राजभवनात आले. भाषण नाही, आरोळी नाही. 16 सप्टेंबरला रामाराव पुन्हा मुख्यमंत्री झाले. ज्या पदावरच्या एका माणसानं महिन्यापूर्वी गोंधळ केला, त्याच पदावरच्या दुसऱ्यानं तो निस्तरला. सरांची चेष्टा करताना मी इथं थांबतो. नामधारी माणूस काही करू शकत नाही हे खरं. पण त्यानं काय करू नये, हे त्याला ठाऊक असणं किती महत्त्वाचं, ते त्या महिन्यात या शहरानं पाहिलं.

शर्मा पुढे पंजाबला, मग मुंबईला राज्यपाल, 1987 मध्ये उपराष्ट्रपती आणि 1992 मध्ये राष्ट्रपती झाले. पंतप्रधान होते नरसिंह राव, नागपुरात कायदा शिकलेले, 'पण लक्षात कोण घेतो' तेलुगूत नेणारे. सरांना वाटलं, जमलं! वर हैदराबाद माहीत असलेला घटनापंडित, खाली मराठी वाचणारा वकील. त्यांनी सात पानी बायोडाटा दिल्लीला पाठवला. उत्तर आलं नाही. पंतप्रधानांनी अनुवादासाठी निवडलेल्या कादंबरीचं शीर्षक हेच उत्तर समजावं, असं बाई म्हणाल्या. शर्मांनी पाच वर्षांत चार पंतप्रधान पाहिले, त्यांतले वाजपेयी अवघे 13 दिवसांचे. सरांनी प्रत्येक वेळी बायोडाटा अद्ययावत केला. देवेगौडांच्या वेळी त्यात कन्नड समजत असल्याचा उल्लेख वाढला.

2014 ला पुन्हा पालवी फुटली. राज्य दुभंगलं, म्हणजे एका राज्यपालाचे दोन होणार, एक जागा वाढणार! झालं उलटंच. नरसिंहन एकटेच दोन्ही राज्यांचे राज्यपाल झाले आणि पाच वर्षं राहिले. गल्लीत कोणीतरी सहानुभूती दाखवली, "सर, हे बेकायदेशीर नाही का?" सरांचा चेहरा बघवेना. एकच व्यक्ती दोन राज्यांची राज्यपाल होऊ शकते, ही सोय सातव्या घटनादुरुस्तीनं 1956 पासून आहे आणि ते त्यांनीच शिकवलेलं. "कायदेशीर आहे," ते म्हणाले. विद्वान माणसाचा छळ करायचा तर त्याला त्याच्याविरुद्धचं कलम विचारावं. त्याच वर्षी करीमनगरचे विद्यासागर राव मुंबईच्या राजभवनात गेले, तेव्हा देवाणघेवाणीच्या तत्त्वावर मराठी माणसाला काही मिळेल म्हणून सरांनी बंद गळ्याचा कोट उसवून कमरेत दोन इंच वाढवून घेतला. तो कोट दर डिसेंबरात उन्हात पडतो, राष्ट्रपती बोलारमच्या निलयमला मुक्कामाला येतात तेव्हा. त्यांचा ताफा तारनाक्यावरून जात नाही.

घरात मात्र घटना पूर्णपणे अमलात आहे. बाई निवृत्त गणित शिक्षिका, नांदेडच्या. सगळे निर्णय त्यांचे. विधिमंडळाच्या अधिवेशनात राज्यपाल जसे दुसऱ्यानं लिहिलेलं भाषण 'माझं सरकार' म्हणत वाचतात, तसे सर पाहुण्यांना सांगतात, "माझ्या सरकारनं जुना फ्रीज विकायचं ठरवलंय." फ्रीज त्यांना विकायचा नव्हता, हे फक्त आवाजातून कळतं. दोडक्याची भाजी झाली की सर ती पुनर्विचारार्थ परत पाठवतात. 44 व्या दुरुस्तीनं राष्ट्रपतींना तेवढा एकदा अधिकार दिलाय. दोडका न बदलता परत येतो. मग संमती द्यावीच लागते. लाइट बिलाच्या चेकवर सही करायची नसली तर ते चेक पेपराखाली ठेवून देतात आणि राष्ट्रपती झैलसिंगांनी टपाल विधेयक कसं तसंच ठेवलं होतं ते सांगतात. वीज मंडळाचा माणूस आला की बाई पेपर उचलतात.

निजामाबद्दल सरांना विशेष कणव. मीर उस्मान अली 1950 ते 1956 हैदराबादचे राजप्रमुख होते. "1911 पासून ज्याची सही म्हणजे हुकूम, त्याला म्हातारपणी सही म्हणजे नुसती सही हे शिकावं लागलं. मला तसा त्रास होणार नाही," सर म्हणतात. "मी आधीपासूनच सरावलोय."

शेवटी सत्ता आली ती अपार्टमेंटकडून. बिनपगारी, बिनपार्किंगचं मानद अध्यक्षपद सरांनी स्वीकारलं. खरा कारभार सेक्रेटरींचा. हे रेल्वेतून निवृत्त झालेले तेलुगू गृहस्थ, कमी बोलणारे, चाव्यांचा जुडगा कमरेला. वार्षिक सभेतलं अध्यक्षीय भाषण तेच टाइप करून आणतात आणि सर ते वाचतात. एका वर्षी त्यात 'असोसिएशनने दूरदृष्टीने दुसरी बोअर घेण्याचे ठरवले आहे' असा परिच्छेद होता. सर बोअरच्या विरुद्ध. रात्रभर झोप नाही. सकाळी त्यांना मार्ग सापडला: 1969 मध्ये बंगालचे राज्यपाल धरमवीर यांनी विधानसभेत अभिभाषणातले दोन परिच्छेद गाळले होते! पायऱ्यांखालच्या पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांसमोर, सर भाषण वाचत बोअरपाशी आले, थांबले, पाणी प्यायले आणि थेट लिफ्टच्या देखभालीवर गेले. घटनात्मक पेचप्रसंग! त्यांनी सभेकडे पाहिलं. सभा समोशांकडे पाहत होती. सेक्रेटरींनी इतिवृत्तात लिहिलं, 'अध्यक्षांचे भाषण वाचले असे धरण्यात आले.' बोअर पुढच्या आठवड्यात खणली गेली. पाणी लागलं, हे सरांना अजून प्रशस्त वाटत नाही.

आणि मग तो रविवार. सेक्रेटरी मुलीकडे न्यू जर्सीला गेलेले. खजिनदार तिरुपतीला. सकाळी सातला वॉचमन दारात: "सार, मोटर चालू नै होरा. टाकी खाली."

सर उठून बसले. मंत्रिमंडळ अस्तित्वात नाही, कारभार घटनेनुसार चालणं अशक्य: कलम 356! त्यांनी दाढी न करता अहवाल लिहायला घेतला. पहिल्या पानावरच अडचण आली. राज्यपाल अहवाल राष्ट्रपतींना पाठवतो. इथं वर कोणी नव्हतंच. तिसऱ्या मजल्यावरून बादल्या आपटल्याचा आवाज येत होता. अखेर सरांनी दोन्ही पानांचा फोटो काढून न्यू जर्सीला व्हॉट्सअ‍ॅप केला. तिथं रात्रीचे साडेनऊ. उत्तर लगेच आलं: 'सार, स्टार्टर जला होगा. एलेक्ट्रीशियन को बुलाव.'

राष्ट्रपती राजवटीत राज्यपालाच्या मदतीला सल्लागार नेमले जातात. सरांनी बाईंना नेमलं. सल्लागार म्हणाल्या, "त्याला हजार रुपये लागतील, आधी द्या." विधिमंडळाच्या मंजुरीवाचून खर्च कसा करायचा? सर अडले. मग त्यांना कलम 267 आठवलं, आकस्मिकता निधी. बाईंनी तांदळाच्या डब्यात हात घालून तो निधी बाहेर काढला. इलेक्ट्रिशियन आला, स्टार्टर बदलला, नऊला दहा कमी असताना नळांना पाणी आलं, आणि सरांनी असोसिएशनच्या वहीत राजवट उठवल्याची नोंद केली: कालावधी एक तास पन्नास मिनिटं.

घोषणेला दोन महिन्यांत सभागृहाची मान्यता लागते, म्हणून पुढच्या बैठकीत सरांनी ती रीतसर मांडली. तोवर सेक्रेटरी परतले होते. त्यांनी सगळ्यांना अमेरिकन चॉकलेटं वाटली, सरांचं तीन पानी निवेदन शेवटपर्यंत ऐकून घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "हजार रुपये का रसीद किदर है, सार?"